नकाराची पोच

एखादे यंत्र पूर्णपणे बंद पडले, तर त्याच्या दुरुस्तीचे काम कष्टाचे असले तरी सरळ असते; वीज येते की नाही, तार शाबूत आहे की तुटली, आतला एखादा भाग जळला की काय, असे प्रश्न क्रमाने विचारीत गेले म्हणजे बिघाडाच्या जागी आपण कधी ना कधी पोहोचतोच. परंतु जे यंत्र चालू असते, ज्याचे सारे दिवे हिरवे असतात, ज्याची प्रत्येक चाचणी निर्दोष उतरते आणि तरीही ज्याच्या हातून नेमून दिलेले काम तेवढे पुरे होत नाही, त्याचे दुखणे शोधताना केवळ ज्ञानाची नव्हे, तर विचार करण्याच्या सवयींचीही परीक्षा होते. उपग्रहाद्वारे चालणाऱ्या इंटरनेटच्या जोडण्या उभारणे आणि त्यांची देखभाल करणे या कामात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला, आणि त्या काळात ज्या बिघाडाने मला सर्वाधिक शिकविले, तो सकृद्दर्शनी अगदी किरकोळ होता: डाउनलोड सुरू होत असे, आणि मध्येच खोळंबून राहत असे.

ज्या कचेरीत हा अनुभव आला ती दक्षिण गडचिरोलीतील एका तालुक्याच्या ठिकाणी होती. इंद्रावती आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या त्या मुलुखात पावसाळा म्हणजे पुलांवरून पाणी, रस्त्यावर आडवी पडलेली झाडे आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून तुटलेला संपर्क. जमिनीतून नेलेली फायबर केबल तेथवर येऊन पोहोचली तरी ती कोठे रस्त्याच्या खोदकामात, कोठे नाल्याच्या काठी वारंवार तुटे, आणि तुटलेली जागा शोधून जोडणारा माणूस तेथवर पोहोचण्यासच दिवस लागत. यास्तव कचेरीच्या गच्चीवर एक लहानशी डिश बसविलेली होती, आणि सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नोंदी, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, वरिष्ठ कचेरीची परिपत्रके, वेळोवेळी बदलणारे अर्जांचे नमुने, हे सारे त्या डिशच्या भरवशावर चाले. ज्या गावांना जाण्यासाठी जंगलातून पायवाटच तेवढी आहे, अशा गावांतील माडिया शेतकरी एका उताऱ्यासाठी पहाटे घरून निघून दुपारी खिडकीपाशी येऊन उभा राही. म्हणून त्या जोडणीतील बिघाड हा माझ्या लेखी निव्वळ तांत्रिक प्रश्न कधीच नव्हता.

अशा डिशचे कार्य ज्या कल्पनेवर आधारलेले आहे, ती आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात मांडली होती. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाच्या गतीनेच तिच्याभोवती फिरतो, आणि म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्यास तो आकाशात एकाच जागी स्थिर भासतो. डिश एकदा त्याच्याकडे रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी विक्रम साराभाईंच्या नावाचे जे भूकेंद्र उभे राहिले, त्याची तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची होती. आमच्या कचेरीवरील डिशचा व्यास मीटर-सव्वा मीटर इतकाच. एका पिढीच्या अवधीत हे साधन राष्ट्रीय केंद्रावरून तालुक्याच्या गच्चीवर उतरले, ही गोष्ट मला आजही अभिमानाची वाटते. मात्र साधन कितीही लहान झाले तरी अंतर तेवढेच राहिले. संदेश वर जाऊन खाली यावयाचा म्हणजे सत्तर हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास, आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला सेकंदाचा सुमारे पाव भाग लागतो. प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत हा प्रवास दोनदा घडतो, आणि मधल्या यंत्रांचा वेळ त्यात मिळविला म्हणजे एका प्रश्नोत्तरास सहा दशांश सेकंदाच्या आसपास वेळ जातो.

तक्रार आली ती अशी, की ‘नेट’ आहे पण काम होत नाही. प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा मोडेमवरील दिवे व्यवस्थित होते, उपग्रहापलीकडच्या, जमिनीवरील मुख्य केंद्राशी संबंध अखंड होता, ‘पिंग’ची, म्हणजे दूरच्या यंत्रास साद घालून उत्तर येते का ते पाहण्याची, चाचणी तासन्‌तास चालविली तरी एकही पॅकेट, म्हणजे मजकुराचा तुकडा, गहाळ होत नव्हते. प्रवेशाचे पान उघडे, नाव आणि परवलीचा शब्द स्वीकारला जाई, लहानसहान पाने विनातक्रार येत. परंतु अनेक पृष्ठांचा उतारा किंवा परिपत्रकाची फाइल मागितली की पडद्यावर तिचे नाव उमटे, आकार उमटे, आणि प्रगती दाखविणारी पट्टी जागच्या जागी थबके. कोणताही दोषसंदेश नाही, नकार नाही. पाच-दहा मिनिटांनी संबंध आपोआप तुटे, आणि कारकुनाने पुन्हा प्रयत्न केला की तोच क्रम नव्याने सुरू होई. कचेरीतील अव्वल कारकून वयाने वडीलधारे आणि कामात अत्यंत चोख असे गृहस्थ होते. त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवून मला विचारले, “साहेब, आभाळ तर साफ आहे, मंग हे पुढं काऊन नाही सरकत?”

त्यांच्या प्रश्नामागे अनुभव होता. आमची जोडणी ज्या ‘केयू’ पट्ट्यातील लहरींवर चाले, त्यांची वारंवारता सुमारे अकरा ते साडेचौदा गिगाहर्ट्‌झच्या दरम्यान असते, आणि मुसळधार पावसातील थेंब या लहरींची शक्ती शोषून व विखरून टाकतात. म्हणून श्रावणातील मोठ्या सरीत संबंध काही काळ तुटणे ही त्या कचेरीस परिचयाची गोष्ट होती. त्याशिवाय संपाताच्या आगेमागे, म्हणजे मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सूर्य काही दिवस बरोबर उपग्रहाच्या पाठीशी येतो आणि रोज थोडी मिनिटे त्याच्या रेडिओ-लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो, हेही त्यांना मागे कोणीतरी समजावून सांगितलेले होते. परंतु पाऊस आणि सूर्य यांच्या पीडेचे एक लक्षण असते: तिच्यातून लहानमोठे काहीच सुटत नाही. पाऊस फाइलचा आकार पाहून अडवीत नाही. तरीही रीत म्हणून मी गच्चीवर गेलो, डिशवरील सिग्नल टिपणाऱ्या एलएनबीच्या तोंडाशी गांधीलमाशीने घर केले आहे काय, कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे काय, केबल उंदरांनी कुरतडली आहे काय, हे सारे पाहिले, कनेक्टर सोडवून पुन्हा आवळले, वरून चिकटपट्टी गुंडाळली, आणि सिग्नलची पातळी वहीत नोंदविली. ती जशी असावयास हवी तशीच होती. आकाश निर्दोष ठरले.

दुसरा संशय दीर्घ अंतरावर येतो, आणि या क्षेत्रातील जाणकार माणसासही तो मोहात पाडतो, कारण त्यात तथ्य आहे. ज्या टीसीपी नियमावलीनुसार फाइली ये-जा करतात, तिचे रूप १९८१ मध्ये ठरले. पाठविणाऱ्याने काही मजकूर पाठवावा, पोच येण्याची वाट पाहावी, आणि पोच आली की पुढचा मजकूर सोडावा, असा तिचा शिरस्ता. पोचेवाचून एका वेळी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट इतकाच मजकूर वाटेत ठेवण्याची मुभा मूळ नियमात होती. पोच यावयास सहा दशांश सेकंद लागत असतील, तर जोडणी कितीही रुंद असली तरी एका फाइलला सेकंदास १०९ किलोबाइटांपेक्षा अधिक वेग मिळणे शक्य नाही, हे साधा भागाकार सांगतो. १९९२ मध्ये ही मर्यादा वाढविण्याची सोय झाली. शिवाय उपग्रहाच्या जोडण्यांवर मोडेम आणि मुख्य केंद्र हेच दूरच्या टोकाच्या वतीने तत्परतेने पोच देऊन पाठविणाऱ्यास थांबू देत नाहीत, अशी एक युक्ती सर्रास वापरतात. मात्र या कचेरीतील सर्व माहिती सुरक्षिततेसाठी सांकेतिक रूपात, ‘व्हीपीएन’च्या बोगद्यातून जात असल्याने मोडेमला पॅकेटच्या आतले काही दिसतच नव्हते, आणि त्या युक्तीचा लाभ आम्हांस मिळत नव्हता. हे सारे खरे होते, आणि त्याने मंदपणाचा पुरता उलगडा होत होता. पण आमच्यापुढे होता तो खोळंबा. मंद गतीने का होईना, पट्टी सरकली पाहिजे होती. ती सरकतच नव्हती. बिघाडाच्या शोधात निम्मे यश या दोन गोष्टी वेगळ्या ओळखण्यात असते, कारण खरे पण अप्रस्तुत कारण हाती लागले की पुढचा शोध तेथेच थांबण्याचा धोका असतो.

पुढचा मार्ग त्या अव्वल कारकुनांनीच दाखविला. बारनिशीची शिस्त अंगी मुरलेल्या त्या गृहस्थांनी, कोणी सांगितलेले नसताना, एका वहीत रोजची नोंद ठेवली होती: कोणता कागद मागितला, तो आला की अडकला, किती वेळ वाट पाहिली. त्या वहीची पाने शांतपणे वाचीत गेलो तसतशी तिच्यातून एक व्यवस्था दिसू लागली. अगदी त्रोटक उत्तर असलेली पाने आलेली होती. जेथे मजकूर जरासा मोठा, तेथे पान अर्धे उमटून थांबलेले होते. मोठी फाइल एकही पुरी आलेली नव्हती. आणि याहून महत्त्वाची नोंद म्हणजे, इकडून स्कॅन करून वर पाठविलेले अनेक पृष्ठांचे प्रस्ताव सावकाश, पण विनाअडथळा पोहोचले होते. वाट तीच, उपग्रह तोच, आकारही तेवढाच. जाणारे जात होते आणि येणारे अडकत होते. ज्या बिघाडाला दिशा कळते आणि आकार कळतो, त्याचे मूळ आकाशात असू शकत नाही. ते नियमात असते, आणि नियम माणसांनी केलेले असतात.

त्यानंतर संगणकावर येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट टिपून घेणारा प्रोग्राम लावला आणि एक मध्यम आकाराचे पान मागितले. पहिली तीन पॅकेटे संबंध जोडण्याची, ती नियमाप्रमाणे. मग आमची मागणी गेली, तिची पोच आली. आणि त्यानंतर जे आले ते त्या पानाचे शेपूट होते. शेवटचा लहानसा तुकडा हजर, आणि त्याच्या आधीचे पूर्ण आकाराचे तुकडे बेपत्ता. आमचा संगणक पुनःपुन्हा कळवीत होता की मधला मजकूर मिळाला नाही. मधला मजकूर काही येत नव्हता. या कामात असलेल्या माणसाला हे चिन्ह दिसले की निदान जवळजवळ झालेच.

इथरनेटवरील पॅकेटचा सर्वाधिक आकार १,५०० बाइट. आमच्या बोगद्यात शिरताना त्यावर सांकेतिकीकरणाचे आणि नव्या पत्त्याचे वेष्टन चढे, आणि वेष्टनासह ते १,५०० च्या आत बसावे म्हणून मूळ पॅकेट १,४०० बाइटांहून मोठे चालत नसे. आता वाटेत कोठे असा अरुंद भाग आहे हे पाठविणाऱ्यास आधीपासून ठाऊक नसते, म्हणून १९९० मध्ये जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डिअरिंग यांनी एक पद्धत मांडली. पाठविणाऱ्याने आपल्या पॅकेटवर ‘तुकडे करू नयेत’ अशी खूण करावी. वाटेतील ज्या राउटरला ते पॅकेट मोठे पडेल, त्याने ते टाकून द्यावे, पण टाकताच पाठविणाऱ्याकडे एक लहानशी सूचना धाडावी, की हे मोठे पडले, यापुढे अमुक आकाराचे पाठवावे. ही सूचना आयसीएमपी या वर्गातील असते. ती पोहोचली की पाठविणारा आकार कमी करतो आणि काम सुरळीत होते. आमच्या कचेरीतून जाणाऱ्या पॅकेटांना ही सूचना शेजारच्याच राउटरकडून मिळत होती, म्हणून वर पाठविलेले प्रस्ताव जात होते. उलट दिशेने, मुख्य केंद्रातील राउटर तीच सूचना, जेथून फाइली येत त्या सर्व्हरकडे पाठवीत होता; परंतु सर्व्हरच्या दारावरील फायरवॉल ‘पिंग’ तेवढे आत सोडून आयसीएमपीचा उरलेला सर्व वर्ग सरसकट नाकारीत होती. सर्व्हरला वाटे, आपले पॅकेट वाटेत हरवले. तो तेच, तेवढेच मोठे पॅकेट पुन्हा पाठवी, दरवेळी पहिल्याच्या दुप्पट वेळ थांबून. आणि अखेर संबंध सोडून देई. ‘पिंग’ला मोकळीक होती म्हणूनच आमच्या साऱ्या चाचण्या निर्दोष उतरत होत्या.

निदान पक्के करण्यास दोन साध्या कसोट्या पुरल्या. ‘तुकडे करू नयेत’ ही खूण लावून १,४७२ बाइटांचे ‘पिंग’ सोडले. त्यात शीर्षकाचे २८ बाइट मिळविले म्हणजे बरोबर १,५०० होतात. ते नाकारले गेले. आकार उतरवीत आणला, आणि १,३७२ वर, म्हणजे एकूण १,४०० वर, उत्तर आले. त्याहून एक बाइट वाढविला की पुन्हा नकार. खूण न लावता सोडलेले मोठे ‘पिंग’ मात्र वाटेत तुकडे होऊन सुखरूप पोहोचे, आणि वरवर पाहणाऱ्याची दिशाभूल करी. दुसरी कसोटी मुख्य केंद्रातील माझ्या सहकाऱ्याने फोनवर घेतली. मी फाइल मागितली की त्याने आपल्या राउटरवर ‘पॅकेट मोठे पडले’ या सूचनांचा आकडा वाचून दाखवावयाचा. मी मागणी केली, आणि आकडा वाढत गेला. सूचना निघत होत्या. कोणाच्याही हाती पडत नव्हत्या.

त्या फायरवॉलची व्यवस्था पाहणारी संस्था वेगळी होती. तेथील लोकांशी झालेल्या पत्रव्यवहारात मला त्यांची बाजूही समजली. आयसीएमपीविषयीची भीती निराधार नव्हती: १९९६ च्या सुमारास अवाजवी आकाराच्या ‘पिंग’ने संगणक कोलमडून पाडण्याचे प्रकार घडले, पुढे १९९८ मध्ये अशाच संदेशांचा पूर आणून जाळी बंद पाडण्याचे हल्ले गाजले, आणि तेव्हापासून ‘आयसीएमपी बंद ठेवावे’ हा हुकूम अनेक कचेऱ्यांच्या सुरक्षा-नियमांत कायमचा जाऊन बसला. हुकुमामागचे कारण काळाच्या ओघात मागे पडले, हुकूम तेवढा राहिला. याचे परिणाम काय होतात हे तज्ज्ञांनी सप्टेंबर २००० मध्येच लिहून ठेवले होते, आणि असल्या वाटेला ‘ब्लॅक होल’ म्हणजे कृष्णविवर हे नावही दिले होते. आत गेलेले बाहेर येत नाही आणि गेल्याचे कळतही नाही. दारे बंद ठेवणाऱ्यांना मी दोष देत नाही. घातक संदेश अडविणे हे त्यांचे कर्तव्यच होते. पण घातक आणि आवश्यक यांची निवड करण्याचे कष्ट टाळून एक सबंध वर्गच नाकारला, की सुरक्षिततेच्या नावाखाली सेवेचे नुकसान होते, आणि त्या नुकसानीची झळ नियम करणाऱ्यापर्यंत कधी पोहोचत नाही.

उपाय दोन होते. पहिला आमच्या हातचा: कचेरीच्या राउटरवर एक ओळ लिहून, संबंध जोडताना दोन्ही टोकांनी मजकुराचा तुकडा १,३६० बाइटांपेक्षा मोठा करू नये, असे परस्पर ठरवून टाकावयाचे, १,४०० मधून शीर्षकांचे ४० वजा केले की हा आकडा येतो. तो त्याच दिवशी केला, आणि ज्या परिपत्रकाने सर्वांना जेरीस आणले होते ते सावकाश, पण अखंड गतीने उतरले. कचेरीचे काम चालू झाले, आणि कोणीही तेथेच थांबला असता तरी त्यास बोल लावता आला नसता. परंतु हा उपाय अरुंद भाग ठाऊक असणाऱ्याच्याच उपयोगी. ज्या अन्य तालुक्यांत तोच सर्व्हर वापरला जात होता, तेथे खोळंबा तसाच राहणार. म्हणून दुसरा उपाय, सूचना आत येऊ देण्याचा, अधिक महत्त्वाचा होता. त्यासाठी टिपण तयार केले, पॅकेटांचे दाखले जोडले, कोणत्या प्रकारची आणि किती सूचना आत सोडावयाची याचा नेमका तपशील दिला, आणि तगादा लावला. अव्वल कारकुनांच्या वहीतील नोंदींची नक्कलही सोबत पाठविली, कारण तिच्याइतका स्पष्ट पुरावा माझ्या यंत्राने टिपलेल्या आकड्यांतही नव्हता. यथावकाश तो बदल झाला.

या प्रसंगानंतर माझ्या मनात जो विचार ठाण मांडून बसला, तो पॅकेटांपुरता मर्यादित नाही. कचेरीत अर्ज नामंजूर झाला तर त्यावर कारणाचा शेरा मारून तो अर्जदाराकडे परत करण्याची वहिवाट आहे; नामंजुरीने अर्जदाराची निराशा होते, परंतु शेऱ्यामुळे त्यास पुढची वाट कळते, उणीव भरून काढता येते, वरती दाद मागता येते. अर्ज स्वीकारला, पण नामंजूर झाला तेव्हा शेराच पोहोचला नाही, तर तोच माणूस तोच अर्ज तशाच रूपात पुनःपुन्हा घेऊन येत राहील, आणि दरवेळी अधिक काळ थांबून अखेर आपला हक्क सोडून देईल. त्या सर्व्हरचे नेमके हेच झाले होते. आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याचेही तेच होत होते. त्याला ‘नेट नाही’ एवढेच सांगितले जाई. केव्हा येईल, कोणता कागद आज मिळू शकेल, कोणता मिळणार नाही, उद्या यावे की आठवड्याने, यांपैकी काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नसे, आणि तो पुन्हा तीच वाट तुडवीत येई. नकार ही वाईट गोष्ट आहे खरी. परंतु न पोहोचलेला नकार तिच्याहून फार वाईट, कारण तो माणसाचे कष्ट त्याच्या नकळत खर्चून टाकतो.

आता उपग्रहांची नवी पिढी आली आहे. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या मालिकांमुळे पोच येण्यास लागणारा वेळ सहा दशांश सेकंदांवरून काही शतांशांवर उतरला, आणि दीर्घ अंतराची जुनी अडचण बहुतांशी दूर झाली. त्याबद्दल मला निर्भेळ आनंद वाटतो. मात्र अंतर कमी झाल्याने सूचनेची गरज कमी होत नाही. किंबहुना इंटरनेटच्या नव्या, सहाव्या आवृत्तीच्या नियमांत वाटेतील राउटरने पॅकेटचे तुकडे करावयाचेच नाहीत असे ठरलेले असल्याने, ‘मोठे पडले’ हे कळविणारा संदेश तेथे अधिकच अत्यावश्यक झाला आहे. सूचनेवाचूनही आकाराचा अंदाज बांधण्याची एक पद्धत २००७ मध्ये मांडली गेली आहे, आणि ती उपयुक्तही आहे. तथापि न बोलणाऱ्या वाटेवर चाचपडत चालण्याची ती सोय आहे, वाटेने बोलावे ही अपेक्षा तिने रद्द होत नाही.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्या तरुणांना मी तीन गोष्टी आवर्जून सांगतो. आकाशाला दोष देण्यापूर्वी बिघाडास दिशा आणि आकार आहे काय ते पाहावे. जो माणूस त्या यंत्रासमोर रोज बसतो, त्याने ठेवलेली नोंद आपल्या यंत्राने टिपलेल्या आकड्यांइतक्याच आदराने वाचावी, कारण बिघाडाशी त्याचा सहवास आपल्याहून अधिक असतो. आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत मोठी: कोणतीही व्यवस्था उभारताना, तिच्यातून होकार कसा जाईल याचा जितका विचार कराल, तितकाच नकार मूळ मागणाऱ्यापर्यंत कसा परत येईल याचा करा, त्या परतीच्या वाटेवर कोणी दार लावू पाहील तर त्यास कारण विचारा, लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. मागणे पुरे करणे सदैव कोणाच्याही हाती नसते. ते का पुरे झाले नाही हे कळविणे मात्र आपल्या हाती असते, आणि जी सेवा तेवढेही करीत नाही तिला चालू म्हणण्याचा आपणास अधिकार नाही.